विमानाची तारीख कुत्रा ठरवतो

प्रश्न: नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागली आहे. आठ आठवड्यांनी आम्ही कायमचे तिकडे जातोय. तिकिटं काढून झाली, पॅरिसला विमान बदलायचं आहे. आमचा गोट्या चार वर्षांचा, साधा मिश्र जातीचा, बावीस किलोचा. रेबीजची लस दरवर्षी देतो. यंदाची पाच महिन्यांपूर्वी दिली. परदेशी न्यायचं म्हणून गेल्या महिन्यात मायक्रोचिप बसवून घेतली. आता एजंट म्हणतो की आम्ही राहतो तो देश युरोपच्या यादीत नाही, त्यामुळे रक्ताची टायटर टेस्ट लागेल आणि त्यानंतर तीन महिने थांबावं लागेल. लगेच पुढे म्हणतो, 'काळजी करू नका, चिपची तारीख मागची टाकून घेऊ, रिपोर्टचंही बघतो.' नवऱ्याचं म्हणणं, एवढे पैसे देतोय तर करू दे त्याला. नाहीतर गोट्याला सध्या इथे ठेवू, माझा दीर काही महिन्यांनी तिकडे येणारच आहे, तो घेऊन येईल. मला दोन्ही पटत नाही. नेमके कागद कोणते लागतात? आठ आठवड्यांत बसतं का? आणि प्रवासात शांत राहावा म्हणून त्याला झोपेची गोळी द्यावी का?
– गोट्याची आई

उत्तर:

ताई, आठ आठवड्यांत बसत नाही. एजंट तीन महिन्यांचं सांगतोय ते खरं आहे आणि मागच्या तारखेचं सांगतोय ते ऐकू नका. एकाच दमात त्याने तुम्हाला नियमही सांगितला आणि तो मोडायची तयारीही दाखवली. निदान नियम त्याला माहीत नव्हता असं नंतर कुणाला म्हणता यायचं नाही.

तुमच्याकडे जवळजवळ सगळं आहे. चिप आहे, वेळच्या वेळी लस देणारे डॉक्टर आहेत, कुत्रा तरुण आणि धडधाकट आहे. फक्त क्रम उलटा झालाय, आणि या कामात क्रम चुकला की हातातला खरा कागदही बिनकामाचा होतो. बहुतेक लोक 'कोणते कागद लागतात' एवढंच विचारतात आणि यादी हातात आली की एकेक गोळा करायला लागतात. खरा प्रश्न असतो, कशानंतर काय, आणि मध्ये किती दिवस.

युरोपीय संघाचा नियम असा: आधी चिप, मग रेबीजची लस. एकाच दिवशी दोन्ही झाली तरी चालतं, पण चिप आधी वाचली जायला हवी. चिप बसवण्याआधी दिलेली लस धरत नाहीत. तुम्ही दरवर्षी न चुकता लस दिलीत, तिचा गोट्याला फायदा झालाच आहे, पण सीमेवरच्या अधिकाऱ्यासाठी ती कुणाला तरी दिलेली लस आहे. कार्डावर काय लिहिलेलं असतं? नाव गोट्या, रंग तपकिरी, नर. असे तपकिरी नर जगात किती असतील! त्वचेखालच्या चिपचा पंधरा अंकी क्रमांक वाचून, तो लसीच्या नोंदीत लिहिला गेला, की मगच ती लस याच कुत्र्याची ठरते. म्हणून गोट्याला लस पुन्हा द्यावी लागणार. पाच महिन्यांत दुसऱ्यांदा दिल्याने निरोगी कुत्र्याला सहसा काही त्रास होत नाही, उलट रक्तातल्या प्रतिपिंडांचं, म्हणजे लसीमुळे तयार होणाऱ्या अँटिबॉडीजचं, प्रमाण चांगलं येण्याची शक्यता वाढते. तरी डॉक्टरांशी बोलून घ्या. युरोपच्या लेखी ही त्याची पहिलीच लस असेल.

त्यानंतर किमान ३० दिवस थांबून टायटर टेस्टसाठी रक्त काढायचं. त्या रक्तात रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा त्याहून जास्त भरली पाहिजेत. आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने गेल्यावरच कुत्र्याने युरोपीय संघात पाऊल टाकायचं. हिशेब तुम्हीच करा. लस या आठवड्यात दिली तरी तुमचं विमान उडेल तेव्हा तीन महिन्यांतला पहिला महिनासुद्धा सरलेला नसेल. आजपासून धरून चार महिन्यांच्या थोडं पुढे गोट्याचा मुहूर्त लागतो. त्याच्या आतला नाही.

तुमच्या नवऱ्याला वाटतंय की हे तीन महिने म्हणजे सरकारी खाक्या, पैसे टाकले की सुटेल. पत्र त्यांनाही वाचायला द्या, कारण या थांबण्यामागे आजाराचं गणित आहे. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेतून नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातो. त्याला कित्येक आठवडे लागतात, कधी महिने. तोवर कुत्रा खातो, खेळतो, शेपटी हलवतो आणि कुठल्याही साध्या तपासणीत निरोगी दिसतो. लस देण्याआधीच त्याला लागण झालेली असेल तर नंतरची लस ती थांबवेलच असं नाही. रक्ताची तपासणी एवढंच सांगते की लस लागू पडली. आधीपासून आत काही दबा धरून बसलेलं नाही, हे मात्र काळच सांगू शकतो. म्हणून थांबायचं. ही मुदत कमी करून देणारा माणूस मुदत कमी करत नसतो, कागदावरचा आकडा बदलत असतो.

युरोपीय संघाच्या यादीतल्या, म्हणजे रेबीज आटोक्यात असल्याचं संघ मानतो अशा देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना ही रक्ततपासणी लागत नाही. चिप, लस आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवस एवढ्यावर त्यांचं भागतं. म्हणूनच तुमच्या ओळखीतलं कुणीतरी 'आम्हाला तर महिन्याभरात जमलं' असं सांगत असेल, आणि तेही खोटं बोलत नसतील. ते कुठून निघाले होते ते विचारा.

आता त्या मागच्या तारखेबद्दल, कारण घरात खरा वाद त्यावरून चाललेला दिसतो.

चिपची तारीख मागे टाकायची म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी खोट्या नोंदीवर सही करायची. 'रिपोर्टचंही बघतो' म्हणजे न झालेल्या तपासणीचा कागद तयार करायचा. टायटर टेस्ट कुठल्याही प्रयोगशाळेची चालत नाही, युरोपीय संघाने मान्य केलेल्याच प्रयोगशाळेची लागते. त्या प्रयोगशाळा मोजक्या आहेत आणि अहवालावर शंका आली तर अधिकारी त्यांच्याकडेच विचारणा करतात. पकडलं गेलं तर युरोपच्या नियमात तीन वाटा आहेत: कुत्रा आल्या देशी परत पाठवायचा, अटी पूर्ण होईपर्यंत त्याला विलगीकरणात ठेवायचं, आणि यातलं काहीच शक्य नसेल तर शेवटचा उपाय म्हणून त्याला कायमचं झोपवायचं. तिन्हींचा खर्च मालकाचा. तिसरी वाट क्वचित येते. पण ती नियमात लिहिलेली आहे, आणि एजंट त्या वेळी विमानतळावर तुमच्या शेजारी उभा नसेल. सह्या तुमच्या असतील, कुत्रा तुमचा असेल.

पैसा आणि ओळख यांचं या बाबतीत किती चालतं याचा एक नमुना सांगते. २०१५ मध्ये जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांनी पिस्टल आणि बू नावाचे दोन छोटे टेरियर खासगी विमानातून ऑस्ट्रेलियात आणले, न सांगता. केस कापायला नेलं तेव्हा त्यांचे फोटो बाहेर आले आणि बिंग फुटलं. तिथले कृषिमंत्री बार्नाबी जॉइस यांनी जाहीर बजावलं की कुत्रे परत न्या, नाहीतर मारून टाकू. कुत्रे परत गेले. पुढच्या वर्षी अँबर हर्ड यांनी प्रवेशाच्या कार्डावर खोटी माहिती दिल्याचं न्यायालयात कबूल केलं आणि दोघांना माफीचा व्हिडिओ काढावा लागला. खासगी विमानवाल्यांची ही गत. आपण तर रांगेत उभे राहणारे.

दिराची कल्पना मला चांगली वाटली असती, पण तिथेही एक खाच आहे. युरोपात पाळीव प्राणी म्हणून न्यायचा तर तो मालकाबरोबर जावा लागतो, किंवा मालकाने लेखी अधिकार दिलेल्या माणसाबरोबर. आणि त्या दुसऱ्या बाबतीत मालकाचा प्रवास आणि कुत्र्याचा प्रवास यांत पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर असता कामा नये. तुम्ही आज गेलात आणि दीर गोट्याला घेऊन काही महिन्यांनी आला, की तो पाळीव प्राण्याच्या सोप्या नियमांतून बाहेर पडतो आणि विक्रीच्या प्राण्यांचे नियम त्याला लागू होतात. ते याहून कितीतरी कडक आहेत आणि यादीबाहेरच्या देशातून त्या वाटेने नेणं जवळजवळ बंदच समजा. दिराचा जीव चांगला असेल, पण नियम त्याला मालक मानत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. नवऱ्याने ठरल्या दिवशी नोकरीवर रुजू व्हावं. तुम्ही मागे राहा आणि दोन-अडीच महिन्यांनी गोट्याला बरोबर घेऊनच जा. ते शक्यच नसेल, तर दोघं जा आणि वेळ आली की तुमच्यापैकी एकाने परत येऊन त्याला घेऊन जा. जाण्यायेण्याचा खर्च होईल, पण एजंट 'बघतो' म्हणण्याचे जे घेतोय त्यातून बराचसा निघेल. दोन्ही बाबतींत एक गोष्ट आजच ठरवा: कागदोपत्री गोट्याचा मालक कोण? चिपची नोंदणी, लसीचं पुस्तक, आरोग्य प्रमाणपत्र, सगळीकडे एकच नाव हवं, आणि ते नाव त्याच्याबरोबर प्रवास करणाऱ्याचं असलं तर उत्तम. तुम्ही पत्रावर 'गोट्याची आई' अशी सही केलीत, तेव्हा तुमचंच नाव घाला.

नवऱ्याबरोबर दोन महिने ताटातूट होईल हे खरं. पण मला विचाराल तर नव्या देशात घर शोधणं, सामान लावणं, कुत्रा ठेवू देणारा घरमालक मिळवणं, ही कामं एकट्या माणसाला जास्त सुटसुटीत जमतात. त्यातलं घरमालकाचं काम लेखी करून घ्यायला सांगा.

आता डॉक्टरांकडे जाल तेव्हाचं. सर्वांत आधी चिप वाचून घ्या, लस टोचायच्या आधी. यंत्रावर दिसणारा क्रमांक स्वतः उतरवा, पंधरा अंक मोजा आणि कार्डावरच्या क्रमांकाशी एकेक अंक ताडून पाहा. दोन अंकांची अदलाबदल झालेली कार्डं असतात आणि ती घरी कुणाच्या लक्षात येत नाहीत. येतात ती थेट सीमेवर. चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांप्रमाणे असावी. नसली तरी कुत्रा अडत नाही, पण ती वाचणारं यंत्र तुम्हाला स्वतः बरोबर न्यावं लागतं. चिप कधीकधी मानेवरून खांद्याकडे सरकते, म्हणून सापडली नाही तर घाबरू नका. दोन्ही खांद्यांवरून आणि छातीवरून यंत्र फिरवायला सांगा.

लसीच्या नोंदीत चार गोष्टी असाव्या लागतात: लसीचं नाव व कंपनी, बॅच क्रमांक, दिल्याची तारीख आणि कधीपर्यंत वैध ती तारीख. बाटलीवरचं स्टिकर चिकटवून त्यावर सही-शिक्का घ्या. तारीख लिहिताना दिवस, महिना, वर्ष हाच क्रम ठेवा. अमेरिकी पद्धतीची सवय असलेल्या डॉक्टरांनी महिना आधी लिहिला की ५ जून आणि ६ मे यांचा घोळ होतो, आणि तुमच्या बाबतीत एकेका दिवसाला किंमत आहे.

रक्त काढायच्या आधी डॉक्टरांना विचारा की नमुना कोणत्या प्रयोगशाळेत जाणार आणि ती युरोपीय संघाच्या मान्य यादीत आहे का. ही यादी खुली असते, तुम्ही स्वतःही पाहू शकता. रक्तातला द्रव भाग वेगळा करून, थंड ठेवून पाठवावा लागतो. नळीवर आणि अर्जावर चिपचा क्रमांक हवा. अहवाल यायला काही आठवडे लागतात, पण ते तीन महिन्यांतच मोजले जातात कारण मुदत रक्त काढल्या दिवसापासून सुरू होते. आकडा ०.५ च्या खाली आला तर पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा रक्त. असं होऊ शकतं, विशेषतः आयुष्यात एकदाच लस घेतलेल्या कुत्र्यांत. गोट्याने दरवर्षी घेतलेली आहे, त्यामुळे मला त्याची फारशी काळजी वाटत नाही. तरी विमानाचं नवं तिकीट अहवाल हातात आल्यावरच काढा.

आणि हा अहवाल जपून ठेवा. युरोपसाठी तो एकदा पास झाला की आयुष्यभर चालतो, एका अटीवर: यापुढची प्रत्येक लस आधीची मुदत संपण्याआधी दिलेली असली पाहिजे. एका दिवसाचा खंड पडला तरी सगळं पहिल्यापासून. फोनवर आठवण लावा, मुदतीच्या महिनाभर आधीची.

या सगळ्याच्या शेवटी येतं ते आरोग्य प्रमाणपत्र, आणि लोक घाई करतात ती नेमकी इथेच. युरोपात शिरताना कागद तपासले जातात त्या दिवसाच्या आधीच्या १० दिवसांतलंच ते असावं लागतं. लवकर काढून ठेवू म्हणाल तर ते शिळं होईल. अगदी दहाव्या दिवसाचं काढाल आणि विमान एका दिवसाने लांबलं तरी तेच. प्रवासाच्या चार-पाच दिवस आधीची वेळ ठरवा. तुमचे नेहमीचे डॉक्टर ते भरू शकतात, पण त्यावर तुमच्या देशातल्या सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची मोहोर लागते. त्यांची भेटीची वेळ कित्येक ठिकाणी आधी घ्यावी लागते, म्हणून चौकशी महिनाभर आधी करून ठेवा. प्रमाणपत्राला लसीच्या नोंदीची आणि रक्ताच्या अहवालाची साक्षांकित प्रत जोडायची, आणि सोबत तुमचं स्वतःचं लेखी निवेदन की हा प्राणी विकायला नेत नाही. सही छापील मजकुराच्या रंगाहून वेगळ्या शाईत हवी. काळ्या छपाईवर निळी शाई घेऊन जा म्हणजे अधिकाऱ्याच्या टेबलावर पेन शोधत बसावं लागणार नाही. खाडाखोड झाली तर नवा कागद मागा. लाजू नका.

तुमच्या पॅरिसच्या थांब्याचा मुद्दा इथेच येतो, आणि एजंटने तो सांगितलेला दिसत नाही. कुत्रा युरोपीय संघात पहिल्यांदा जिथे शिरतो तिथे त्याचे कागद तपासतात, शेवटी जिथे राहणार तिथे नाही. प्रमाणपत्र इंग्रजीबरोबर त्या पहिल्या देशाच्या भाषेतही असावं लागतं. म्हणजे पॅरिसमार्गे गेलात तर फ्रेंच-इंग्रजी हवं, आणि तुम्ही जर्मनीला निघालात म्हणून कुणी जर्मन-इंग्रजी करून दिलं तर पॅरिसला अडचण. शिवाय प्रत्येक विमानतळ कुत्र्यांसाठी प्रवेशद्वार म्हणून नेमलेला नसतो. तिकीट बदलायचंच आहे तर थेट जर्मनीत उतरणारं विमान घ्या. गोट्याला एकदाच चढवायचं, एकदाच उतरवायचं. मधल्या विमानतळावर पिंजरा दोन विमानांमध्ये उभा राहतो ते तास कुत्र्याला सर्वांत वाईट जातात.

जातीचं लिहिताना सांभाळा. जर्मनीत पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर या जाती व त्यांचे संकर आणायला बंदी आहे. काही डॉक्टर मोठ्या डोक्याचा मिश्र कुत्रा दिसला की कौतुकाने 'पिटबुल मिक्स' असं कार्डावर लिहून टाकतात. गोट्या साधा मिश्र जातीचा आहे तर तेवढंच लिहिलेलं असू द्या; सगळ्या कागदांवर एकसारखं. जुनं कार्ड काढून पाहा, कुणी काही हौसेने लिहून ठेवलेलं नाही ना. आणि त्याच्यात खरोखरच यांपैकी काही असेल, तर मला नाही, जर्मन दूतावासाला आधी विचारा.

हे वाचून दुसरीकडे जाणारे लोक तयारीला लागतील, म्हणून त्यांच्यासाठी एवढंच: हे नियम युरोपीय संघाचे आहेत, बाकीच्यांनी डोळे मिटून वापरू नयेत. ब्रिटन, नॉर्वे आणि संघातलेच आयर्लंड, फिनलंड, माल्टा यांना पट्टकृमीचं औषधही लागतं, पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत दिलेलं आणि वेळेसकट नोंदवलेलं. जपान रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबायला लावतो आणि पोहोचण्याच्या ४० दिवस आधी सूचना मागतो. ऑस्ट्रेलियाचे १८० दिवस नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यापासून सुरू होतात, रक्त काढल्यापासून नाही, आणि नंतर मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात विलगीकरण असतंच. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू आणायलाच मनाई केली आहे. पिल्लावरून आठवलं: यादीबाहेरच्या देशातून युरोपात न्यायचं पिल्लूही जवळजवळ सात महिन्यांचं झाल्याशिवाय जाऊच शकत नाही, कारण रेबीजची लस धरली जाते तीच मुळी बारा आठवड्यांनंतरची. 'तीन महिन्यांचं आहे, पिशवीत मावेल' असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून काही घेऊ नका.

राहिली गोळी. देऊ नका. झोपेच्या औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, अंगाचं तापमान सांभाळणं आणि तोल धरणं अवघड होतं, आणि विमानाच्या पोटात त्याच्याकडे बघायला कुणी नसतं. गुंगीतला कुत्रा दिसला तर बऱ्याच विमान कंपन्या चढवूनच घेत नाहीत. बावीस किलोचा गोट्या तुमच्या पायाशी बसून जाणार नाही, खालीच जाईल. त्याला शांत ठेवायचा उपाय तुमच्याकडे आयता आलाय: चार महिने. पिंजरा आजच आणा. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे त्यात कुत्र्याला कान छताला न लागता उभं राहता, पूर्ण वळता आणि पाय पसरून पडता यायला हवं, आणि पाण्याचं भांडं दार न उघडता बाहेरून भरता यायला हवं. दार काढून ठेवा, आत त्याचं नेहमीचं अंथरूण टाका आणि महिनाभर तो आपण होऊन आत जाऊ दे. दार लावायचं ते नंतर, आधी मिनिटभर, मग वाढवत. विमान कंपनीला पिंजऱ्याचं माप आणि कुत्र्यासकट वजन कळवून त्याची जागा आधी पक्की करा, तुमचं तिकीट त्यानंतर. एका विमानात अशा जागा मोजक्याच असतात, आणि कडक उन्हाच्या किंवा कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत काही कंपन्या प्राणी घेतच नाहीत. तुमचे चार महिने नेमके कोणत्या ऋतूत संपतात ते कॅलेंडरवर पाहून कंपनीला तेही विचारा.